जिज्ञासा, शोधयंत्र आणि घरची चूल

(द्वितीय वर्ष, कला)

१. प्रास्ताविक

प्रश्न पडणे हा माणसाच्या मनाचा स्वभाव आहे आणि भूक लागणे हा देहाचा धर्म आहे. या दोन्हींची ओढ बरीचशी सारखी असते. एखादी गोष्ट कळली नाही तर मन स्वस्थ बसत नाही, आणि एखाद्या पदार्थाची आठवण झाली की जीभ स्वस्थ बसत नाही. पूर्वी या दोन गरजांसाठी दोन वेगळ्या दारांत जावे लागे. प्रश्न घेऊन गुरुजींकडे आणि भूक घेऊन आईकडे. आज आपण दोन्ही गोष्टी घेऊन एकाच दारात उभे राहतो. ते दार म्हणजे खिशातील मोबाइल आणि त्यातील शोधयंत्र.

या शोधण्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की इंटरनेटमुळे सर्व ज्ञान हाताशी आले, आता कोणाला काही विचारायला नको. दुसरा पक्ष म्हणतो की त्यामुळे मुले आळशी झाली, त्यांची स्मरणशक्ती गेली आणि घरची चवही गेली. प्रस्तुत लेखात यांपैकी कोणाचीही वकिली करावयाची नाही. शोधयंत्र आपली रोजची जिज्ञासा आणि घरच्या खाण्याची इच्छा कोठवर भागवते, आणि कोठे थांबते, एवढेच पाहावयाचे आहे. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच असल्यामुळे या प्रश्नाकडे मी थोडा वेगळ्या जागेवरून पाहतो. ती जागाही या विवेचनात येईल.

२. जिज्ञासा म्हणजे काय?

मानसशास्त्रात जिज्ञासेचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत डॅनियल बर्लाइन यांचे नाव अग्रक्रमाने घेतात. त्यांनी १९५४ मध्ये जिज्ञासेचे दोन प्रकार सांगितले. नवा आवाज, नवा रंग, नवी वस्तू दिसली की लक्ष वेधले जाते, तो पहिला प्रकार. तो प्राण्यांतही असतो. 'हे असे का?' हे जाणून घेण्याची इच्छा, तो दुसरा प्रकार. तो मुख्यतः माणसात दिसतो.

पुढे १९९४ मध्ये जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन अभ्यासकाने एक सोपी कल्पना मांडली. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावे असे वाटते, या दोहोंमध्ये एक पोकळी असते. त्या पोकळीची जाणीव झाली की मनाला टोचणी लागते. ती टोचणी म्हणजेच जिज्ञासा. जेवताना दाताच्या फटीत काही अडकले की जीभ पुन्हा पुन्हा तेथेच जाते, तसेच हे आहे. या कल्पनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्याला काहीच माहीत नाही त्याला प्रश्नही पडत नाही. थोडे माहीत असावे लागते, तेव्हा उरलेल्याची ओढ लागते.

घरच्या पदार्थाची आठवणही अशीच आहे. जो पदार्थ आपण कधी चाखलाच नाही त्याची आठवण येऊन जीव कासावीस होत नाही. एकदा खाल्लेला, ओळखीचा आणि आता समोर नसलेला पदार्थच आपल्याला छळतो.

३. पूर्वीची उत्तरस्थाने

इंटरनेट येण्यापूर्वी माणसे अडाणी होती असे मुळीच नाही. प्रश्न विचारण्याची ठिकाणे ठरलेली होती. पावसाचे म्हाताऱ्यांना, पत्राचे पोस्टमनला, कागदपत्रांचे तलाठ्याला आणि दुखण्याचे वैद्याला विचारावे, अशी ती व्यवस्था होती. शिकलेल्या घरांत पुस्तके होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला.

स्वयंपाकाचेही तसेच आहे. पाककृतींची पुस्तके ही काही अलीकडची गोष्ट नव्हे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले आणि वाटी-चमच्याच्या सोप्या मापांमुळे ते घराघरांत पोचले. लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींना या पुस्तकांनी केवढा आधार दिला असेल याची कल्पना करता येते.

पण 'घराघरांत' हा शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा तो सर्व घरांना लागू पडत नाही. आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांखेरीज छापील वस्तू म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. शब्दकोश मी प्रथम पाहिला तो अकरावीत, ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात. ज्या घरांत पुस्तक नव्हते त्या घरांत शोधयंत्र थेट पोचले. मधली पायरी आलीच नाही. या गोष्टीचे फायदे आणि तोटे दोन्ही पुढे दिसतील.

४. शोधयंत्र कसे चालते?

शोधयंत्राविषयी बोलण्यापूर्वी ते काय करते हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. इंटरनेटवरील फाइलींची नावे शोधून देणारे 'आर्ची' हे साधन १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तयार झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल कंपनी १९९८ मध्ये स्थापन केली. आपल्या खेड्यापाड्यांत मात्र हे सर्व खऱ्या अर्थाने पोचले ते २०१६ नंतर, मोबाइलवरील डेटा स्वस्त झाल्यावर.

अनेकांची अशी समजूत असते की आपण प्रश्न टाकला की यंत्र त्या क्षणी सर्व जगात धावत जाऊन उत्तर आणते. तसे नाही. हे काम आधीच झालेले असते. यंत्राचे कार्यक्रम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात जगातील लेखी मजकूर वाचत असतात आणि त्याची एक प्रचंड सूची तयार करून ठेवतात. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, 'अमुक शब्द, पृष्ठ तमुक', तशीच ही सूची. आपण प्रश्न टाकतो तेव्हा यंत्र या सूचीत पाहते. मग कोणते पान आधी दाखवावे हे ठरवते. गूगलची मूळ कल्पना अशी होती की ज्या पानाचा हवाला इतर अनेक पाने देतात, आणि हवाला देणारी पानेही वजनदार आहेत, ते पान वर ठेवावे. गावात ज्याचे नाव पाच जाणती माणसे घेतात त्याच्याकडे आपण आधी जातो, त्यातलाच हा प्रकार.

या रचनेतून एक साधी गोष्ट स्पष्ट होते आणि तीच या लेखाचा पाया आहे. कोणीतरी, कोठेतरी, जे लिहून, बोलून किंवा चित्रित करून ठेवले आहे तेच यंत्राला सापडते. जे कोणी नोंदवलेच नाही ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

५. एका नोंदवहीतील प्रश्न

आम्ही चौघे मित्र महाविद्यालयाजवळ एका खोलीत भाड्याने राहतो. या लेखाची तयारी म्हणून आम्ही पंधरा दिवस एक वही ठेवली. मोबाइलवर काही शोधले की तो प्रश्न वहीत उतरवायचा, असा नियम केला. त्या वहीतील काही प्रश्न जसेच्या तसे देतो :

बोनाफाइड म्हणजे काय. दिवसा चंद्र का दिसतो. बँकेत अर्ज कसा लिहावा. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते. क्रेडिट म्हणजे मार्क का. पोहे किती वेळ भिजवावेत. वीज आधी दिसते आणि आवाज नंतर का येतो. भात खाली लागला तर वास कसा घालवावा. शेषन कोण होते. ज्वारीची भाकरी का तुटते.

वही वाचून पाहिली तेव्हा या प्रश्नांचे तीन गट पडले. पहिला गट नडीचा. काम अडले म्हणून विचारलेले प्रश्न. दुसरा गट निव्वळ कुतूहलाचा. उत्तर मिळाले नाही तरी काही बिघडणार नाही असे प्रश्न. आणि तिसरा गट पोटाचा. हा तिसरा गट रविवारी फुगत असे, कारण रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते.

कुतूहलाच्या प्रश्नांची उत्तरे फार झटपट आणि बहुधा चांगली मिळाली. कांद्याचे उदाहरण घेऊ. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, आतील विकरे इतर द्रव्यांशी मिसळतात आणि एक उडून जाणारे, गंधकयुक्त द्रव्य तयार होते. ते डोळ्यांपर्यंत पोचले की डोळा ते धुऊन काढण्यासाठी पाणी आणतो. हे द्रव्य तयार करणारे खास विकर जपानी शास्त्रज्ञांनी शोधल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कांदा जगात सर्वत्र, रोज चिरला जातो, पण त्याच्या रडण्यामागचे हे विकर माणसाला एवढ्या उशिरा सापडावे याचे मला नवल वाटले.

विजेच्या प्रश्नाने तर आम्हांस गच्चीवर नेले. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो आणि ध्वनी हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे एक किलोमीटर यायला ध्वनीला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे, म्हणजे वीज किती किलोमीटरवर चमकली ते कळते. पावसाळी ढग लांब, तालुक्याच्या हद्दीवर दिसत असताना आम्ही दाराशी उभे राहून हे मोजले. उत्तर वाचून संपले नाही, त्यातून काही करून पाहावेसे वाटले. शोधाचा उत्तम उपयोग हाच, असे मला वाटते.

६. न लाजता विचारण्याची सोय

नडीच्या प्रश्नांविषयी मात्र थोडे अधिक लिहिले पाहिजे. 'बोनाफाइड म्हणजे काय' हा प्रश्न वाचून काही वाचकांना हसू येईल. ज्यांच्या घरी वडील किंवा ताई पदवीधर आहेत त्यांना हा शब्द जेवताना कानावरून जाऊनच कळलेला असतो. सेमिस्टर, क्रेडिट, ए.टी.के.टी., प्रोजेक्ट, संदर्भसूची हे सर्व शब्द त्यांना वारशाने मिळतात. आमच्यासारख्यांना ते वर्गात प्रथम ऐकू येतात. वर्गात हात वर करून विचारावे, तर ऐंशी माना वळतात. आपला प्रश्न म्हणजे आपल्या घराची माहिती होते.

शोधयंत्र हसत नाही. 'एवढेही माहीत नाही का?' असे ते म्हणत नाही. एकच प्रश्न चार वेळा विचारला तरी कंटाळत नाही. रात्री अकरा वाजता विचारला तरी चालतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला या गोष्टीचे मोल किती आहे हे शब्दांत सांगणे कठीण आहे. जे लोक 'पूर्वी आम्ही माणसांना विचारत होतो' असे अभिमानाने सांगतात त्यांनी हेही आठवावे की पूर्वी सर्वांना सर्व माणसांना विचारण्याची मुभा नव्हती. काही दारे काही लोकांना बंदच होती.

भाषेचीही एक अडचण पूर्वी होती. १९९१ मध्ये युनिकोड या जागतिक लिपी-संकेतात देवनागरीचा समावेश झाला, तरी मराठीत मजकूर साठायला बराच काळ गेला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. विश्वकोशाचे खंड आता इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. अकरावीत मी काचेआडून पाहिलेला मोल्सवर्थ आज मोबाइलवर उघडतो. त्या कपाटाची किल्ली आता मागावी लागत नाही, हे विसरून चालणार नाही.

७. चव आणि शोध

आता पोटाच्या प्रश्नांकडे वळू. एका गॅस शेगडीवर, दोन पातेली आणि एक तवा एवढ्या सामग्रीवर आम्ही चौघांनी जो स्वयंपाक शिकला तो बव्हंशी शोधून शिकला. पोहे, खिचडी, पिठले, वांग्याचे भरीत, अंड्याची करी हे सर्व त्यात येते. मुलग्यांना घरी कोणी हे शिकवले नव्हते. यंत्राने मुलगा-मुलगी असा भेद न करता शिकवले, हाही त्याचा एक गुण म्हटला पाहिजे.

या शोधात केवळ कृती नव्हे, तर कारणेही सापडतात, आणि कारण कळले की हात सुधारतो. 'ज्वारीची भाकरी का तुटते' हा वहीतील प्रश्न त्या दृष्टीने उद्बोधक आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लूटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. म्हणून गव्हाची पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लूटेन नसते. मग भाकरी एकत्र कशी राहते? गरम पाणी घातले की ज्वारीतील पिष्ट फुगते, चिकट होते आणि तेच पिठाला धरून ठेवते. म्हणून भाकरीला कढत पाणी घ्यायचे आणि हाताने थापायचे. कुकरचेही तसेच. उघड्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते आणि त्यापुढे तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, म्हणून पाण्याचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि डाळ लवकर शिजते.

आमच्या आयांना हे शब्द ठाऊक नाहीत, पण कढत पाणी घ्यायचे हे ठाऊक आहे. जुन्या पिठाची भाकरी चिरते, तेव्हा माझी आई 'पिठाची विरी गेली' असे म्हणते. 'विरी' या एका शब्दात पिठाचा ताजेपणा, चिकटपणा आणि धरून राहण्याची शक्ती हे सर्व येते. ग्लूटेन आणि पिष्ट हे दोन शब्द मला शोधून मिळाले, 'विरी' हा शब्द मला घरातून मिळाला. दोन्ही शब्द एकत्र ठेवले तेव्हा मला भाकरी पुरती समजली.

८. जे शोधून सापडत नाही

शोधयंत्र कोठे थांबते हे मला एका पदार्थाने दाखवले. तो पदार्थ म्हणजे हुलग्याची शेंगोळी. आमच्याकडे, दुष्काळी पट्ट्यात, पावसाळ्यात आणि थंडीत हा पदार्थ होतो. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरे, हळद, मीठ घालून घट्ट गोळा मळायचा, हातावर वळून बारीक शेंगोळी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. हुलगा कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येतो. म्हणून ज्या घरात तूरडाळ दुर्मीळ, त्या घरात हुलगा असे.

भाद्रपदातील एका रविवारी आम्हांस शेंगोळी खावीशी वाटली. शोधल्यावर कृती मिळाल्या, चांगल्या मिळाल्या. पण पहिली गंमत नावापासून सुरू होते. देशावर ज्याला हुलगा म्हणतात त्यालाच कोकणात कुळीथ म्हणतात. एका नावाने शोधले तर एक प्रकारचे पदार्थ पुढे येतात, दुसऱ्या नावाने शोधले तर कुळथाची पिठी पुढे येते. प्रश्नातला शब्द बदलला की उत्तराचा प्रदेश बदलतो. ज्याला प्रमाण मराठीतील शब्द ठाऊक नाही, केवळ घरचा शब्द ठाऊक आहे, त्याच्या हाती यंत्र कमी देते. कारण त्याच्या घरच्या शब्दात फारसे कोणी लिहिलेलेच नाही.

आम्ही तीन कृती तुलना करून एक शिजवली. ती खाण्याजोगी झाली, चौघांनी पातेले पुसून खाल्ले. पण ती 'आमची' शेंगोळी नव्हती. म्हणून मी आईला फोन करून मापे विचारली. ती म्हणाली, "आरं, त्येला काय म्हाप असतंय व्हय? हाताला कळतंय. आन् त्या मोबाइलात सगळं असतंय म्हणतोस की, मग मला अडाणीला कशाला इचारतोस?"

हे ती रागाने म्हणाली नाही. तिला ते खरेच वाटत होते. आपल्याला जे येते ते सर्व कोणीतरी आधीच लिहून ठेवले असेल, आणि ते आपल्यापेक्षा चांगले लिहिले असेल, असे ती धरून चालली होती. शोधयंत्राचा मला जाणवलेला मोठा तोटा हाच आहे. मुले आळशी होतात की नाही ते मला सांगता येणार नाही. परंतु ज्यांचे ज्ञान लिहिलेले नाही अशी माणसे स्वतःला अधिकच अडाणी समजू लागतात आणि सांगायचे थांबवतात, ही गोष्ट मी ऐकली आहे.

सुटीत घरी गेल्यावर मी चुलीजवळ वही घेऊन बसलो. तिच्या मुठीने तिने पीठ घेतले की मी ते वाटीने मोजत होतो. तेव्हा जे कळले ते असे : पीठ घट्ट हवे, पण वळताना चिरता कामा नये. थोडे ज्वारीचे पीठ हुलग्यात मिसळायचे. पाण्याला खळखळून उकळी आल्याशिवाय शेंगोळी सोडायची नाहीत, नाहीतर ती विरघळतात. सोडल्यावर लगेच पळी घालायची नाही. रस्सा दाट हवा तर परातीत राहिलेले पीठ धुऊन त्यातच ओतायचे. आणि शिजले की नाही हे पाहायला एक शेंगोळे मोडून बघायचे, आत कोरडा कच्चा ठिपका दिसता कामा नये. यांपैकी काही गोष्टी इंटरनेटवर होत्या, काही नव्हत्या. परात धुण्याची गोष्ट मी पाहिलेल्या तिन्ही कृतींत नव्हती. तिच्यामागे चवीइतकीच काटकसर आहे. पीठ वाया घालवायचे नाही, हा त्या स्वयंपाकाचा पहिला नियम आहे.

येथे पुस्तकांकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. जी पोकळी इंटरनेटवर दिसते ती त्याच्या आधी छापील पुस्तकांत होती. आपल्या बहुतेक नामांकित पाकपुस्तकांत ठरावीक घरांचा स्वयंपाक आला, पुष्कळ घरांचा आलाच नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. 'सूपशास्त्रा'नंतर एकशेचाळीस वर्षांनी हे पुस्तक आले. एवढी वर्षे ते पदार्थ शिजतच होते, फक्त कागदावर नव्हते. कागदावर जे आले नाही ते यंत्राच्या सूचीत तरी कोठून येणार?

९. सापडणे आणि समजणे

आणखी एका मर्यादेचा उल्लेख केला पाहिजे. उत्तर सापडले म्हणजे ते आपल्याला समजले, असे आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये याविषयी काही प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना काही प्रश्नांची स्पष्टीकरणे इंटरनेटवर शोधायला लावली होती, त्यांनी पुढे अगदी वेगळ्या विषयांतही स्वतःची समज अधिक आहे असे सांगितले. बाहेरच्या ज्ञानालाच ते नकळत आपले ज्ञान मानू लागले होते. सावकाराची तिजोरी पाहून आल्यावर स्वतःचा खिसा जड वाटावा, तसा हा प्रकार आहे.

अलीकडे यंत्र पाने दाखवून थांबत नाही, अनेक पाने वाचून स्वतःच तयार उत्तर देते. ही सोय मोठी आहे, पण तीत एक धोका आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलने अशी तयार उत्तरे सर्वांसाठी सुरू केली, तेव्हा पिझ्झ्यावरील चीज सरकू नये म्हणून सॉसमध्ये डिंक, म्हणजे कागद चिकटवण्याचा गोंद, मिसळावा असा सल्ला यंत्राने दिला आणि तो जगभर हास्याचा विषय झाला. कोणीतरी पूर्वी थट्टेने लिहिलेले वाक्य यंत्राने खरे मानले होते. यात यंत्राला दोष देऊन भागत नाही. यंत्राला जीभ नाही आणि पोटही नाही. त्याला वाक्य कळते, चव कळत नाही. स्वयंपाकातील उत्तर खरे की खोटे हे शेवटी पातेल्यात आणि ताटातच ठरते.

म्हणून शोधताना तीन गोष्टी पाळाव्यात असे मला वाटते. पहिली, एकाच उत्तरावर न थांबता दोन-तीन उत्तरे ताडून पाहावीत. दुसरी, हे कोणी लिहिले आणि त्याला ते ठाऊक असण्याचे कारण काय, हे पाहावे. तिसरी, मोबाइल खाली ठेवून ते उत्तर स्वतःच्या शब्दांत दुसऱ्याला सांगून पाहावे. सांगता आले तर समजले, नाहीतर फक्त सापडले.

१०. उपसंहार

सारांश, शोधयंत्र जिज्ञासा भागवते हे खरे. नडलेल्या माणसाची ते अडचण दूर करते, ज्याला विचारायला कोणी नाही त्याला विचारायला जागा देते आणि परगावी राहणाऱ्या मुलांच्या ताटात गरम पिठले वाढते. हे उपकार लहान नाहीत. परंतु त्याच्या सूचीत केवळ नोंदलेले जग आहे. न नोंदलेले जग त्याहून पुष्कळ मोठे आहे, आणि ते जग आपल्यापैकी अनेकांच्या घरीच राहते. हुलग्यातले, जोंधळ्यातले, रानभाज्यांतले, पापड-कुरडयांतले, बाळंतिणीच्या खाण्यातले हे ज्ञान वृद्ध हातांत आहे. ते हात थकले की ते ज्ञान कोणत्याही यंत्राला सापडणार नाही.

आपल्या महाविद्यालयात कितीतरी गावांतून विद्यार्थी येतात. प्रत्येकाने येत्या दिवाळीच्या सुटीत आपल्या घरच्या एका पदार्थाची नोंद करावी, अशी माझी सर्व मित्रमैत्रिणींना विनंती आहे. पदार्थाचे घरात म्हणतात ते नाव, इतर गावांतील नावे, केव्हा व कशासाठी करतात, साहित्य, मुठीचे वाटीत केलेले माप, आणि 'झाले' हे करणारीला कशावरून कळते, एवढे सहा मुद्दे पुरेत. सांगणारीचे शब्द बदलू नयेत. 'विरी'ला 'विरी'च म्हणावे. मराठी विभागाने या नोंदी एकत्र केल्या तर एक चांगली पुस्तिका होईल, आणि ती इंटरनेटवर ठेवली तर उद्या परगावी राहणाऱ्या एखाद्या मुलाने हुलगा हा शब्द टाकताच त्याला त्याच्या भागातील उत्तर मिळेल.

आजवर आपण यंत्राला प्रश्न विचारत आलो. त्याच्या उत्तरांत आपल्या घरांची भर घालणे हे काम आता आपल्यासारख्या, घरात प्रथमच लेखणी हाती घेतलेल्या मुलामुलींचे आहे. आपल्या आयांना लिहिता आले नाही, पण त्या अडाणी नव्हत्या. हे त्यांना सांगायचे असेल, तर त्यांच्यासमोर वही उघडून बसावे लागेल.